बिनकामाची फेरी

नेमके हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि महिन्यातून एकदा, सही करताना, त्यांना भेटायचं. एरवी कोशाच्या कचेरीत सगळे त्यांना नेमकेच म्हणत, कारण कुणी नुसतं “आभाळ भरून आलंय, पाऊस पडेलसं वाटतं” म्हटलं तरी ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “म्हणजे नेमका कधी?” असा माणूस घरात असला की घरच्यांना जीव नकोसा होतो. शब्दकोशाला मात्र तो लागतो.

कचेरी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. काम होतं इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करण्याचं. काम तसं सरळ, पण विद्वानांच्या हाती दिल्यामुळे ते बरीच वर्षं पुरलं होतं. शब्दांचे गट पाडून ते टेबलाटेबलावर वाटले होते. खिडकीजवळ झाडंझुडपं होती, म्हणून तिथे बसणाऱ्या बाईंना वनस्पतीताई हे नाव पडलं होतं. रोगांचा गट ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ सतत रजेवर असायचे, कारण रोज वाचलेलं नवं लक्षण त्यांना संध्याकाळपर्यंत स्वतःत सापडायचं. नेमक्यांच्या वाट्याला आजवर मोजमापं, अवजारं आणि कायदा असे शिस्तीतले गट आले होते. त्यांनी ते इतके चोख केले होते की त्यांत चूक काढायला बसलेला माणूस डुलक्या घेऊ लागायचा.

ह्या कचेरीचा एक नियम होता. मुख्य संपादिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी गादीवर आल्याआल्या तो काढला होता. शब्दाखाली उदाहरण म्हणून जे वाक्य द्यायचं, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. मागच्या आवृत्तीत ‘घाबरणे’खाली कुणीतरी सिंहाला पाहून घाबरलं होतं, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांनी सिंह सोडाच, शेजारच्या कुत्र्याच्याही नजरेला कधी नजर दिली नव्हती. बाईंना ते खपलं नाही. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी सगळी कचेरी, शिपायासकट, मोठ्या टेबलाभोवती बसायची. आठवड्याची वाक्यं मोठ्याने वाचली जायची आणि ज्याला वाक्य पटलं त्याने पेन्सिल वर करायची. पाहिलेलं नाही असं कुणी सिद्ध केलं की वाक्य बाद. वनस्पतीताईंनी ‘कोमेजणे’साठी स्वतःच्या हाताने वाढवलेलं रोप तहानेने मारलं होतं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडल्या होत्या. वाक्य मात्र एकमताने पास झालं.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. धाकटा म्हणजे नेमक्यांचा पाठचा भाऊ. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटा राहायचा आणि एका चष्म्याच्या दुकानात अर्धा वेळ काचा घासायचा. त्याआधी त्याने लोकांना पोहायला शिकवलं होतं, आणि त्याच्याही आधी कुठल्याशा नाटक कंपनीत पडदा ओढला होता. पुढे काय, असं विचारलं की म्हणायचा, “बघू.” ह्या ‘बघू’ने नेमक्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी स्वतःच्या निवृत्तीनंतर वाचायची पुस्तकंसुद्धा आत्ताच क्रमाने लावून ठेवली होती.

हा धाकटा वाटेल तेव्हा कचेरीत यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी बाई जायला निघाल्या की. कधी हातात केळी असायची, कधी हात हलवत. नेमक्यांच्या टेबलाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर तो बसायचा, कागदावरचं वजन हातात घेऊन गरगरा फिरवायचा, खिडकीतली कबुतरं बघायचा.

“काय काम काढलंस?” नेमके मान वर न करता विचारायचे.

“काही नाही. सहज.”

“सहज म्हणजे नेमकं कशाला?”

“सहज म्हणजे सहज, दादा.”

मग मनाला येईल तेव्हा उठून जायचा. नेमके आल्यागेल्यापाशी कुरकुर करायचे, की हा माझा वेळ खातो, ह्याला काही धरबंध नाही. पण एकदा खालच्या मजल्यावरच्या हिशेबनिसाने पंखा पुसायला ते स्टूल नेलं, तर नेमके हातातला शब्द अर्धा टाकून स्वतः खाली गेले आणि स्टूल उचलून घेऊन आले. हे स्टूल कोशाच्या कामाचं आहे, असं त्यांनी हिशेबनिसाला ठणकावलं. कुठल्या कामाचं, हे मात्र, नेमके असूनही, त्यांना सांगता आलं नाही. खरी गोष्ट अशी होती की धाकटा फिरकला नाही त्या दिवशी नेमक्यांना जेवण गोड लागत नसे. बायको ताटाकडे बघूनच म्हणायची, “आज आला नाही वाटतं तुमचा वेळखाऊ.”

असं सगळं बरं चाललं होतं, आणि बाईंनी नेमक्यांच्या टेबलावर नवा गट आणून ठेवला. रबरात बांधलेली चिठ्ठ्यांची गड्डी. वर लिहिलेलं: हेतू, योजना किंवा दिशा नसलेल्या गोष्टींसाठीचे शब्द. आत एमलेस, रँडम, हॅपहॅझर्ड, पॉइंटलेस, आर्बिट्ररी, डेसल्टरी आणि आणखी अशीच वाट चुकलेली मंडळी.

“बाई, हा गट मला का?” नेमक्यांचा चेहरा पडला.

“कारण तुमचा ह्या गोष्टींशी काही संबंध नाही. तटस्थपणे लिहाल,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

प्रतिशब्दांची अडचण नव्हती. दिशाहीन, अस्ताव्यस्त, मोघम, विस्कळीत, उगाच, मनमानी. नेमक्यांनी ते पटापट लिहून काढले, आणि लिहिताना त्यांना एक गोष्ट आवडली. ह्या गटात एकाही शब्दाला कौतुकाचा वास नव्हता. इंग्रजीत बहुधा हेतूशिवाय जगणं म्हणजे दिव्याशिवाय गाडी चालवण्यासारखं असावं, पोलिसाने अडवलंच पाहिजे. वनस्पतीताईंनी खांद्यावरून डोकावून विचारलं, “आणि सहज? सहज कुठे घालणार?”

“बसत नाही,” नेमके म्हणाले. “फार लाडावलेला शब्द आहे.”

घोडं अडलं ते वाक्यांपाशी. पाहिलेलं वाक्य हवं, आणि नेमक्यांच्या आयुष्यात हेतू नसलेलं काही पाहायला मिळेल तर शपथ. त्यांच्या मोज्यांनासुद्धा वार ठरलेले होते. ते फिरायला जात ते पोस्टाच्या पेटीपर्यंत, टाकायला पत्र असेल तरच. दोन दिवस ते कोऱ्या चिठ्ठ्यांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी दार उघडून धाकटा आत आला. हातात एकच केळं होतं.

“दोन घेतली होती,” तो म्हणाला. “वाटेत एक खाल्लं. काय माहीत का, भूक नव्हती.”

नेमक्यांनी चष्मा खाली घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या भावाकडे डोळे भरून पाहिलं. अख्खा गट स्टुलावर येऊन बसला होता.

त्या दिवसापासून दादा धाकट्याशी असा वागू लागला की कुणाला वाटावं, भरतभेट चालू आहे. चहा मागवायचा, त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायचा. एका रविवारी तर नेमके आपण होऊन त्याच्या खोलीवर गेले, आणि धाकटा चहा टाकत असताना त्यांनी त्याचं कपाट उघडून पाहिलं. धाकटा बिचारा हरखून गेला. वहिनीला म्हणाला, “दादा हल्ली माझ्याकडे लक्ष देऊन बघतो गं. बरं वाटतं.” वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बोटाने हवेत काहीतरी लिहीत होता.

वाक्यं भराभर तयार झाली, आणि ती चांगली झाली, हीच त्यातली वाईट गोष्ट. हॅपहॅझर्ड: ‘त्याच्या कपाटात शर्टाच्या घडीत चमचा होता आणि चमच्यांच्या डब्यात मोजा.’ डेसल्टरी: ‘बोलता बोलता तो पोहण्यावरून कबुतरांवर आणि कबुतरांवरून घरभाड्यावर गेला आणि कुठेच पोचला नाही.’ आर्बिट्ररी: ‘त्याने नोकरी सोडली, कारण त्या दिवशी मंगळवार होता.’ रँडम: ‘तो कधी येईल ह्याला काही नियम नाही.’ पॉइंटलेस: ‘तो येऊन स्टुलावर बसला, काही काम नव्हतं, आणि उठून गेला.’ शेवटी एमलेस, गटाचा राजा: ‘सकाळी घरातून निघून तो दिवसभर कुठे जायचं ते न ठरवता रस्तोरस्ती भटकत राहिला.’

नेमक्यांनी ही वाक्यं आधी दोघातिघांना ऐकवली, आणि कचेरीला एक मापच मिळालं. कुठलाही सैल शब्द आला की लोक म्हणू लागले, हा धाकट्याच्या वरचा की खालचा? शिपाई चहाचे पेले आडवेतिडवे ठेवून म्हणाला, “साहेब, आज मी जरा धाकटा झालोय.” बाईंनीसुद्धा, ज्या सहसा हसत नसत, एका चिठ्ठीच्या कडेला ‘धा. पेक्षा कमी’ असा शेरा मारला. विद्वान मंडळींना असा जिवंत नमुना मिळाला की त्याला घर, दार, कान असतात हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

नेमक्यांच्या मात्र एवढं लक्षात होतं की वाचनाच्या दिवशी धाकटा कचेरीत असता कामा नये. त्यांनी मागचे गुरुवार आठवून पाहिले आणि निष्कर्ष काढला की गुरुवारी तो येत नाही. ज्या माणसाच्या येण्याला काही नियम नाही असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, त्याच माणसाच्या नियमावर विसंबून त्यांनी आपला गट येत्या गुरुवारच्या वाचनाला लावला.

वाचन रंगलं. नेमके दाराकडे पाठ करून बसले होते. चमच्यावर हशा पिकला, पेन्सिली वर गेल्या. कबुतरांवर आणखी मोठा हशा. मंगळवारच्या वाक्याला शिपायाने टाळी दिली. मग ‘तो कधी येईल’ सुरू केलं तेव्हा हसू एकदम अर्ध्यावर आलं. आधी वनस्पतीताई गप्प झाल्या, मग शिपाई, मग बाई चष्मा पुसू लागल्या. नेमक्यांना वाटलं वाक्य पडलं. म्हणून त्यांनी पुढचं जास्त ठसक्यात वाचलं, “तो येऊन स्टुलावर बसला, काही काम नव्हतं, आणि उठून गेला!” एकही पेन्सिल हलली नाही. तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं.

दाराशी धाकटा उभा होता. हातात केळ्यांचा अख्खा घड होता. सगळ्यांना पुरेल असा.

“थांबलास का दादा, वाच की,” तो म्हणाला. “छान जमलीत.”

त्याने टेबलावरची एक पेन्सिल उचलली. “चमच्याचं बरोबर आहे, माझं मत त्याला. मंगळवारचंही.” त्याने पेन्सिल वर धरली. कुणी त्याच्याकडे बघेना. “शेवटचं राहिलं ना? वाच.”

नेमक्यांना नाही म्हणायचं होतं. पण यादीत जे आहे ते वाचायचं, ही सवय जन्माची. त्यांनी पुटपुटत एमलेसचं वाक्य वाचलं.

धाकट्याने पेन्सिल खाली ठेवली. “हे पाहिलेलं नाही,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मी दिवसभर कुठे जातो ते दादाने कधी पाहिलंय? तो तर इथे बसलेला असतो.”

बाईंनी घसा साफ केला. नियम म्हणजे नियम. “वाक्य बाद,” त्या हळूच म्हणाल्या.

धाकट्याने केळी टेबलाच्या मधोमध ठेवली. नेमक्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण जिभेला वळण होतं ते एकच. तोंडून गेलं, “काय काम काढलं होतंस?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला. “चुकून आलो.” आणि जिना उतरून गेला. केळी दोन दिवस तशीच पडून राहिली.

मग तो यायचा थांबला. पहिले काही दिवस नेमक्यांनी मनाची समजूत घातली, की त्याच्या न येण्यालाही नियम नसणार. पण आठवडे सरले. स्टुलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे साचू लागले. ते गठ्ठे नेमके रोज सकाळी उचलून खाली ठेवायचे आणि संध्याकाळी, आता काही कुणी येत नाही म्हणून, परत वर ठेवायचे. घरी जेवताना बायको काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काय, हे कळायला कोश लागत नाही.

शेवटी तीच म्हणाली, “जा की त्याच्याकडे.”

“जाऊन सांगू काय? जायला काही कारण नको?”

“तो यायचा तेव्हा कारण घेऊन यायचा का?”

नेमक्यांनी विचार केला आणि कारण शोधून काढलं. संध्याकाळी ते धाकट्याच्या दारात उभे राहून म्हणाले, की घरातल्या कपाटाची बिजागरी ढिली झालीय, स्क्रूड्रायव्हर असेल तर दे. धाकट्याने आत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला, त्याचं टोक फडक्याला पुसलं आणि हातात दिला.

“आणखी काही?”

“नाही.”

“बरं,” धाकटा म्हणाला, आणि दार धरून उभा राहिला. काम झालं होतं. काम झाल्यावर थांबायचं कसं, हे नेमक्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आले. बायकोने तो पाहिला, कपाळावर हात मारला आणि खणातून घरचे स्क्रूड्रायव्हर काढून एकेक करून टेबलावर मांडले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जोड-कारण नेलं. स्क्रूड्रायव्हर परत द्यायचा आणि चष्म्याची काडी ढिली झालीय ती दाखवायची. काडी त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच पिळून ठेवली होती. ह्या वेळी धाकट्याने त्यांना आत घेतलं, खिडकीशी बसवलं, चष्मा काढून घेतला आणि बारीक हत्याराने स्क्रू पिळू लागला. चष्म्याविना नेमक्यांना त्याचा चेहरा धूसर दिसत होता, म्हणून की काय, त्यांना धीर आला.

“येत नाहीस हल्ली,” ते म्हणाले.

“निघालो होतो परवा,” धाकटा काचेवर हाः करून ती पुसत म्हणाला. “तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मग मनात आलं, आता वर जाऊन बसलो तर मी नेमका कुठल्या शब्दाखाली बसतोय? तिथून परत फिरलो. आधी कधी असं मनात येत नसे, दादा.”

इथे कुणीही शहाणा माणूस ‘माझं चुकलं’ म्हणाला असता. नेमके म्हणाले, “तो गट अजून मंजूर झालेला नाही.”

“होईल,” धाकटा म्हणाला आणि चष्मा त्यांच्या नाकावर नीट बसवला. “झालं बघ. आता हलणार नाही.” काम पुन्हा झालं होतं. नेमके रस्त्यावर आले तेव्हा त्यांना सगळं लख्ख दिसत होतं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. जगात त्यांची सोबत हवी म्हणून त्यांच्याकडे येणारा एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनी टाचणी लावून पुठ्ठ्यावर बसवलं होतं.

इकडे बाईंचा लकडा चालूच होता. एमलेसचं वाक्य बाद झालं होतं, त्याशिवाय गट छापखान्यात जाईना. नेमके रस्त्याने चालता चालता दिशाहीन माणसं शोधू लागले. पण बघावं तो भाजी घ्यायला निघालेला, नाहीतर घेऊन परतणारा.

एका दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे न सुचल्यामुळे त्यांनी तो कोरा ठेवला. हे आपण काय करून बसलो ह्याचा धक्का ओसरायच्या आत ते धाकट्याच्या गल्लीत पोचले होते. ह्या वेळी कारण आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तो उचलेना. हात रिकामे, खिसे रिकामे, तो विचारेल काय काम, तर सांगू काय? ते मागे फिरले. कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले. असं किती वेळा झालं ते मोजायचंही त्यांना सुचलं नाही. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

“कुणाला शोधताय का?”

“नाही.”

“मग पाहिजे काय?”

“काही नाही.”

शिंप्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि बाहेर वाळत घातलेलं कापड आत नेलं. ऊन उतरलं तसे नेमके वर न जाताच घरी परतले. वाटेत मात्र त्यांच्या डोक्यात एक वाक्य जुळलं. माणूस कितीही खचला तरी सवय सुटत नाही ती अशी.

गुरुवारी सगळे जमले. नेमक्यांनी चिठ्ठी काढली आणि ह्या वेळी दाराकडे तोंड करून वाचलं, “एमलेस. ‘एक माणूस अख्खी दुपार भावाच्या दारासमोर येरझाऱ्या घालत राहिला आणि वर न जाता घरी परतला.’”

ही गोष्ट कुणी सोयीने रचली असती, तर धाकटा नेमका तेव्हा दारात उभा असता. तो नव्हता. दारात शिपायाने ठेवलेली बादली होती.

“पाहिलेलं आहे?” बाईंनी विचारलं.

“मीच तो,” नेमके म्हणाले.

कुणी हसलं नाही. एक पेन्सिलही वर गेली नाही. नेमक्यांनी एकेकाकडे पाहिलं. वनस्पतीताई पेन्सिल मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या.

“वाक्य खरं आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण ह्याला दिशाहीन कसं म्हणायचं? त्या माणसाला कुठे जायचंय ते आंधळ्यालाही दिसेल.”

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली. “बाद,” त्या म्हणाल्या. “हेतू ढळढळीत आहे. अर्थाची चूक तुमच्याकडून पहिल्यांदाच होतेय, नेमके.” मग चिठ्ठी परत देताना, नियमात कुठेही बसणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “इथे काय बसलाय मग?”

नेमके उठले. रबरात बांधलेली गड्डी त्यांनी उचलली, त्यातली चमच्याची, कबुतरांची, मंगळवारची, स्टुलाची, सगळी वाक्यं काढून घेतली आणि फाडून शिपायाच्या बादलीत टाकली. उरलेले शब्द तसेच उघडेबोडके बाईंसमोर ठेवले. मग वाचन अर्धं टाकून ते जिना उतरले. नेमके भर कामाच्या वेळी बाहेर पडताना कचेरीने कधी पाहिले नव्हते, त्यामुळे सगळे खिडकीशी जाऊन उभे राहिले.

धाकट्याने दार उघडलं. दादाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“काय काम काढलंस, दादा?”

नेमक्यांनी सवयीने खिसा चाचपला. आत काही नव्हतं. “काही नाही,” ते म्हणाले. “सहज.”

“खोटं.”

“हो,” नेमके म्हणाले. “ती वाक्यं फाडून टाकली, ते सांगायला आलो. आणि माझं चुकलं. फार चुकलं. तू येत नाहीस तर मला तिथे करमत नाही.” एवढं एका दमात बोलून त्यांना धाप लागली, जिना चढून लागली नव्हती तेवढी.

धाकटा दारातून बाजूला झाला. “सांगून झालं?”

“झालं.”

काम झालं होतं. नेमक्यांचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला.

“आता कुठे निघालास?” धाकटा म्हणाला. “आता तुला काय काम आहे?”

नेमक्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे, सगळे कोपरे झाडून केला. कचेरीत परतण्यात अर्थ नव्हता, घरी इतक्यात कुणी वाट बघत नव्हतं, पोस्टात टाकायला पत्र नव्हतं. “काही नाही,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरं होतं.

“मग बस की.”

नेमके खाटेवर बसले. खिडकीबाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं. धाकट्याने दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, शर्टाची घडी घातली, आणि एक मोजा गुंडाळून चमच्यांच्या डब्यात ठेवला. नेमक्यांनी ते पाहिलं, पण कशाला ते विचारलं नाही.